माझा एकुलता एक गोठलेला पाइप

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकीणबाईंनी फोन केला, "विजयाताई, या वर्षी तुमच्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, "अगं, माझं काम जमिनीखाली आणि भिंतीच्या आत. त्यात वाचण्यासारखं काय?" तर म्हणाली, "तेच लिहा, कुणीच बघत नाही ते." मग चष्मा पुसला आणि बसले. पण लिहायला घेतल्यावर लक्षात आलं, की मला एक कबुलीही द्यायची आहे. ती सवडीने देते, पळून जात नाही.

बावीस वर्षं मी एक वाक्य मिरवत आले. वाढदिवसाला, भिशीला, कुणी विचारो न विचारो, मी म्हणायचे, "मी तपासलेल्या एकाही घरातला पाइप आजवर गोठलेला नाही." यजमान तर मी श्वास घेतला की पुढचं वाक्य स्वतःच म्हणून टाकायचे.

मी प्लंबर. शिकून झालेली नाही, होत गेलेली. यजमानांच्या नोकरीमुळे इथे डच मुलखात आलो, उइटहॉर्न नावाच्या गावात घर घेतलं. शेजारी यान नावाचे म्हातारे प्लंबर राहायचे. त्यांची पाठ धरली होती आणि इथल्या घरांच्या जमिनीखाली जी रांगायची जागा असते, त्यात त्यांना उतरता येईना. मी पाच फुटांच्या आतली. एकदा त्यांनी कुंपणावरून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुला कोळ्यांची भीती वाटते का?" मी म्हटलं, "नाही." एवढीच माझी मुलाखत. त्या दिवशी मी पंजाबी ड्रेसवर त्यांचा ओव्हरऑल चढवून खाली उतरले, ती बावीस वर्षं बाहेर आलेच नाही म्हणा ना.

पुढे माझ्याकडे एक खास काम आलं. नवी घरं बांधताना भिंती बंद व्हायच्या आधी आतले पाण्याचे पाइप तपासायचे. कारण एकदा भिंत बंद झाली, की पाइप चुकला काय नि बरोबर काय, तो कळतो थेट थंडीत.

आता तुम्ही म्हणाल, नवी घरं तर केवढी उबदार. त्रिपदरी काचा, जाडजूड भिंती, गॅसच नाही, सगळं विजेच्या उष्मापंपावर, म्हणजे हीट पंपावर. त्यात पाइप कसा गोठेल? तिथेच तर गंमत आहे. जुनं घर हे गळकं असतं. पाण्याने नव्हे, उष्णतेने. हीटर लावलात की निम्मी ऊब जमिनीखाली, माळ्यावर, भिंतीतून बाहेर. बिल येतं तेव्हा आपण कपाळाला हात लावतो, पण त्या गळक्या उबेवर सगळे पाइप फुकटात हिवाळा काढत असतात. नवं घर पक्कं कंजूष. आतली ऊब बाहेर जाऊच देत नाही. मग जमिनीखालची जागा, माळ्याचं टोक, भिंतीची बाहेरची बाजू हे सगळं पूर्वीपेक्षा जास्त गार पडतं. तिथे एखादा पाइप राहिला, तर त्याला कोण विचारतो?

मी आपल्या बायकांना गोधडीवरून सांगते. गोधडी ऊब तयार करत नाही, तुमची ऊब धरून ठेवते. तुम्ही गोधडीच्या आत झोपलात तर ठीक. गोधडीच्या वर झोपलात, तर ती कितीही जाड असो, सकाळी आखडणार. घराच्या भिंतीतलं इन्सुलेशन म्हणजे गोधडी. पाइप नेहमी तिच्या आतल्या, खोलीकडच्या बाजूला हवा. बास, माझं सगळं शास्त्र एवढंच. लोक पाइपला फोमची नळी गुंडाळतात आणि निश्चिंत होतात. त्या नळीने पाइप गोठायचा थांबत नाही, उशिरा गोठतो.

आणि दुसरा शत्रू म्हणजे फट. वायरवाल्याने भोक पाडलं आणि बुजवायला विसरला, की बारीक सुईसारखा वारा नेमका पाइपवर येतो. ही फट डोळ्यांना दिसत नाही. यान ओला हात फिरवून शोधायचे. मी माझी पद्धत काढली. पर्समध्ये उदबत्तीचा पुडा असायचाच. उदबत्ती पेटवायची आणि भिंतीच्या कडेकडेने फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, वाकडा झाला तर तिथे फट. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळे डच गडी कामं सोडून बघत उभे. त्यांना वाटलं मी भिंतीची पूजा करतेय. मुकादमाने टोपीसुद्धा काढली होती. पुढे सवय झाली. चंदनाचा वास आला की लोक आपापली भोकं घाईघाईने बुजवायला लागायचे. डचमध्ये उदबत्तीला 'वीरोक' म्हणतात, म्हणून माझं नाव पडलं 'मेव्राउ वीरोक', म्हणजे उदबत्तीबाई.

आपल्या लोकांनी मला फार करमणूक पुरवली. एका गृहस्थांना वास्तुशास्त्राप्रमाणे पाणी ईशान्येलाच हवं होतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळे पाइप ईशान्येच्या बाहेरच्या भिंतीत. मी म्हटलं, "भाऊ, इथे गोठवणारा वारा कुठून येतो ठाऊक आहे? नेमका ईशान्येकडून." ते म्हणाले, "पण शास्त्रात लिहिलंय." मी म्हटलं, "लिहिलं तेव्हा लिहिणाऱ्याला फेब्रुवारीत इथे सायकल चालवायला लावली नव्हती." शेवटी तडजोड झाली. ईशान्येला तांब्याचा एक कलश ठेवला आणि पाइप घराच्या मधल्या भिंतीत घातले. दोघंही सुखात आहेत, कलश आणि पाइप.

आता मंदारकडे येते. कबुली तिथलीच आहे.

मंदार आणि गौरी, दोघंही पुण्याचे, दोघंही आयटीतले. आधी शहरातल्या झुइडओस्ट भागात फ्लॅटमध्ये राहायचे. मग आमच्याजवळच प्लॉट घेऊन स्वतःचं घर बांधायला काढलं. मी तोवर निवृत्त झाले होते, पण मंदार नकाशा घेऊन आला, "काकू, भिंती बंद व्हायच्या आधी एकदा उदबत्ती फिरवाल ना?" असं कुणी म्हटलं की मी विरघळते.

नकाशा उलगडला. माळ्यावर एक चौकोन काढलेला होता. मी विचारलं, "हे काय?"

"टाकी," मंदार म्हणाला.

"कसली?"

"पाण्याची. दोनशे लिटर. पाणी गेलं तर."

"मंदार, तू इथे किती वर्षं आहेस?"

"नऊ."

"नऊ वर्षांत पाणी किती वेळा गेलं?"

"एकदाही नाही," तो म्हणाला आणि जरा थांबून, "पण आई येणार आहे ना."

मंदारच्या आई, प्रमिलाताई. पुण्याच्या कडेला, जिथे पाणी वेळेवर नव्हे तर वेळ काढून येतं, तिथे त्यांनी आयुष्य काढलं. गल्लीच्या तोंडाशी चावीवाला लांब दांड्याची चावी घेऊन यायचा, जमिनीतल्या भोकात घालून फिरवायचा, की तासभर पाणी. तो विसरला तर त्याच्या घरी जाऊन उठवून आणायचं काम प्रमिलाताईंचं. मंदारने लहानपणी अभ्यास केला तोच मुळी पिंपांच्या रांगेत बसून. मागच्या वेळी त्या झुइडओस्टला तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि पंधराव्या दिवशी परत गेल्या. म्हणाल्या, "परक्याच्या घरात जीव रमत नाही." म्हणून हे घर. खाली त्यांच्यासाठी वेगळी खोली, मागच्या दारी पाय धुवायला नळ, आणि माळ्यावर ही टाकी.

टाकीवर आमचं तीन आठवडे चाललं. माळ्याचं ते टोक गोधडीच्या बाहेर. तिथली टाकी पहिल्याच हिवाळ्यात बर्फाची लादी झाली असती. शिवाय साठलेलं पाणी तब्येतीला वाईट. शेवटी मी हत्यार उपसलं. "मंदार, बावीस वर्षांत माझा एकही पाइप गोठलेला नाही. टाकी ठेवायची तर उदबत्ती दुसऱ्या कुणाकडून फिरवून घे." टाकी गेली.

मागच्या दाराचा नळ मात्र मी जीव लावून बसवला. बाहेरचा नळ म्हणजे गोधडीतून बाहेर राहिलेलं पाऊल. त्याला आत एक वेगळी चावी, म्हणजे पाणी तोडायचा व्हॉल्व्ह, लागते. ती मी स्वयंपाकघरात सिंकखाली बसवली. तिथून बाहेर जाणारा हातभर पाइप किंचित उतरता ठेवला. थंडीआधी आतली चावी बंद करायची, बाहेरचा नळ उघडायचा, पाइपातलं पाणी निथळून जातं. मग नळ उघडाच ठेवायचा, थेट वसंतापर्यंत. रिकाम्या पाइपात गोठणार काय? जुन्या घरात हे विसरलं तरी भिंतीतून झिरपणारी ऊब सांभाळून घ्यायची. नव्या घरात ती सोय नाही. हे सगळं मी मंदारला दाखवलं. गौरीने व्हिडिओ काढला. नोव्हेंबरात मी स्वतः जाऊन चावी बंद केली, नळ उघडा ठेवला आणि घरी येऊन यजमानांना माझं वाक्य ऐकवलं.

वास्तुशांत आईंसाठी ठेवून दिली होती. माघातला मुहूर्त, रविवार. प्रमिलाताई दहा दिवस आधी आल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"घर छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण पाणी कुठे साठवतात?"

"साठवत नाहीत. नळ सोडला की येतं."

"आणि नाही आलं तर?"

"येतंच."

माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने बघितलं, जशी मी भोळ्या लोकांकडे बघते. म्हणाल्या, "परतीचं तिकीट बदलता येतं म्हणे. बघू, वास्तुशांत होऊ दे."

मंदारचा चेहरा पडला. घर त्याने कर्ज काढून नव्हे, आईचा जीव रमावा म्हणून जीव काढून बांधलं होतं.

मग आठवडाभर हवा मऊ होती. बुधवारी वारा ईशान्येकडे फिरला आणि तीन दिवस असं काही गारठलं, की कालव्यावर बदकं चालायला लागली. मी घरात बसून निवांत वाती वळत होते. माझे पाइप सगळे गोधडीत होते ना!

रविवारी सकाळी मी नारायणपेठ नेसून, नथ घालून गेले. हत्यारांची पिशवी गाडीत होती, ती कायम असते. तीसेक माणसं जमली होती. गुरुजी म्हणजे आमचा हर्षद. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार सोवळं. पूजा मांडून झाली होती. अकराच्या सुमाराला मागच्या भिंतीवर मस्त ऊन आलं, आणि गौरी स्वयंपाकघरातून ओरडली, "मंदार, भिंत रडतेय!"

बाहेरच्या विटांच्या सांध्यांतून पाणी येत होतं. आधी थेंब, मग धार. खाली फरशीवर पसरत होतं.

मी बघतच राहिले. बाहेरचा नळ बंद होता. मी उघडा ठेवलेला नळ, बंद. म्हणजे पाइप भरलेला होता, गोठला होता, फुटला होता, आणि आता उन्हाने बर्फ विरघळल्यावर सांगत होता.

"काकू, सिंकखालची चावी!" म्हणत मंदार धावला. मी मागून ओरडतेय, "हळू, हळू फिरव," तोवर त्याने जिममध्ये कमावलेली सगळी ताकद लावली. कट्‌ असा आवाज झाला. तो सिंकखालून बाहेर आला तेव्हा चावीची मूठ, आतल्या दांड्याच्या तुकड्यासकट, त्याच्या हातात होती. कोड लिहिणाऱ्याच्या हातात चावी देऊ नये, हे मी तेव्हा म्हटलं नाही, आता म्हणते.

मग काय, पुढच्या दाराजवळच्या कपाटात मीटरापाशी मुख्य चावी असते, ती मी जाऊन बंद केली. भिंतीची धार थांबली. आणि सगळ्या घराचं पाणी गेलं.

"फुटक्या पाइपाचं तोंड बुजवायला टोपण लागेल. माप देते, दुकानात पळ," मी मंदारला म्हटलं. "ते येईपर्यंत घरात थेंब नाही. तासभर तरी."

हर्षद दारातून डोकावला. "काकू, अभिषेकाला पाणी लागेल. आणि मुहूर्त पावणेबाराचा आहे."

मी पदर खोचून सिंकखाली शिरले होते. तिथून फक्त पाय दिसत होते माझे, आणि ऐकू मात्र सगळं येत होतं.

मंदार म्हणाला, "पण नळ बंद कुणी केला? चावी कुणी उघडली?"

मग प्रमिलाताईंचा आवाज. "मी उघडली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी. मागचा नळ सोडून ठेवलेला आणि पाणी नाही. मी म्हटलं, कुणीतरी चावी बंद केलीय. शोधली, सिंकखाली सापडली. उघडली, पाणी आलं. मग नळ नीट बंद केला."

"आई, तू विचारायचंस तरी! पाइप फुटला. आजच्या दिवशी. तीस माणसं घरात!"

"बंद चावी दिसली की उघडायची नाही, हे मला कुणी शिकवलं नाही रे," त्या म्हणाल्या. "मी तर आयुष्यभर ती उघडणाऱ्याच्या मागे धावले."

मग पावलांचा आवाज आणि खोलीचं दार लागल्याचा.

बाहेर कुजबुज सुरू झाली. आणि आमच्या मंडळातल्या एका वहिनी, मनाने चांगल्या हो, मोठ्याने म्हणाल्या, "म्हणजे काकूंचं रेकॉर्ड काही मोडलं नाही. पाइप त्यांनी बरोबरच बसवला होता. आजींची चूक."

आता खरं सांगते. सिंकखाली, कोपरावर भार देऊन, नाकातली नथ पाइपात अडकू नये म्हणून मान वाकडी करून मी पडले होते, आणि मला ते वाक्य फार गोड वाटलं. वापरायला तयारच होतं. पाइप उतरता होता, चावी योग्य जागी होती, फट एक नव्हती. बावीस वर्षं शाबूत राहत होती. मी गप्प राहिले असते, तर झालं असतं.

पण मग यान आठवले. मला कामावर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "घरातली कुठली चावी कशाची, हे कुणाला सांगायचं?" मी म्हटलं, "मालकाला." ते म्हणाले, "मालक दिवसभर बाहेर असतो. जो घरात असतो, त्याला." आणि मी? मी मंदारला सांगितलं, गौरीला व्हिडिओ काढू दिला. दोघंही सकाळी ऑफिसला जाणारी. दिवसभर घरात असणाऱ्या बाईला मी एवढंच सांगितलं होतं, की पाणी येतंच.

मी सिंकखालून बाहेर आले. केस विस्कटलेले, साडी ओली. म्हटलं, "ऐका सगळ्यांनी. रेकॉर्ड मोडलेलं आहे. चूक माझी. घरात राहणाऱ्या माणसाला चावी दाखवायची असते, ती मी दाखवली नाही. दहा दिवसांपूर्वी मी याच जागी चहा पिऊन गेले, चावी वीतभर अंतरावर होती. मंदार, आईवर आवाज चढवलास तो उतरव आणि टोपण घेऊन ये."

मंदार आधी आईच्या खोलीकडे वळला. मी त्याला थांबवलं. "तू दुकानात जा. तिथे मी जाते."

दार लोटलं. वाटलं होतं, बाई डोळे टिपत बसली असेल. प्रमिलाताई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि एका पातेल्यावरचं झाकण काढून आत बघत होत्या. त्यांच्या भोवती, भिंतीच्या कडेने, पलंगाखाली, खिडकीत, सगळीकडे पाणी. बादल्या, दोन्ही कुकर, पुलावाचं पातेलं, सॅलडचा वाडगा, फुलदाण्या, कचऱ्याचा नवाकोरा डबा. सगळ्यांवर झाकण नाहीतर ताट.

"रोज सकाळी बदलते हो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "शिळं नाहीये. मंदारला सांगू नका, हसेल."

टाकीवरून तीन आठवडे भांडलेली मी, पाणी येतंच म्हणणारी मी.

"प्रमिलाताई," मी म्हटलं, "चुकलं माझं. चावीचं तुम्हाला सांगायला हवं होतं."

"ऐकलं मी. दार पातळ आहे तुमच्या या जाड घराचं." मग हात टेकून उठल्या. "गुरुजींना किती लागेल?"

"एक कळशी. पण तीस माणसं आहेत. हातपाय, चहा, आणि बाकीचंही."

"संडासासाठी हा डबा," त्या म्हणाल्या आणि एकदम मुकादम झाल्या. "कुकरमधलं पिण्याचं. पूजेला फुलदाणीतलं नको, पितळी पातेल्यातलं घ्या, ते सोवळ्यात भरलंय. आणि त्या वहिनींना सांगा, एकेक तांब्याच मिळेल."

पावणेबाराला अभिषेक झाला. मंदार टोपण घेऊन आला तेव्हा घरात पाण्यासाठी रांग लागली होती, आणि रांगेच्या तोंडाशी त्याची आई उभी होती, तांब्या घेऊन. तो दारातच थांबला आणि बघत राहिला. मग पायातले बूट काढून रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला दोन."

मी टोपण बसवलं, मुख्य चावी उघडली. नळातून आधी फुरफुर हवा आली, मग पाणी. कुणी टाळ्या वाजवल्या. प्रमिलाताईंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी रिकामी झालेली बादली नळाखाली ठेवली.

तिकीट त्यांनी बदललं नाही. पूर्ण तीन महिने राहिल्या. मी पाइप नवा घातला, चावी नवी, आणि त्या चावीला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला. त्यावर मजकूर त्यांनीच सांगितला आणि मी मराठीत लिहिला. "दिवाळी झाली की बंद. गुढीपाडव्याला उघड. मध्ये हात लावशील तर मला विचार. प्रमिला." आता मी कुणाचंही घर बघायला गेले की पुठ्ठा आणि दोरा घेऊन जाते, आणि उदबत्ती विझवण्याआधी विचारते, "घरात दिवसभर कोण असतं? त्यांना बोलवा."

परवाच पुण्याहून प्रमिलाताईंचा व्हिडिओवर फोन आला. मागे पिंपं दिसत होती.

"विजयाताई, तुमच्याकडे गार पडलं का? मंदारला सांगितलंय, दिवाळी झाली की चावी बंद. तो विसरेल, तुम्ही जाऊन बघा."

"बघते."

"आणि हे बघा, तो पाइप माझ्यामुळे फुटला. तुम्ही उगीच स्वतःवर घेताय. ते अंकात बिंकात लिहिणार असाल तर माझंच नाव लिहा."

मी म्हटलं, "अजिबात नाही. तो माझा आहे."

अर्धा तास वाद चालला. मिटला नाही. तेव्हा यापुढे माझं वाक्य असं वाचावं. बावीस वर्षांत मी तपासलेल्या घरांत एकच पाइप गोठला, आणि त्याच्यावर आम्हा दोघींचा दावा आहे.